अनालूचे दगड

अनालू कहालेवाईला राग आला की तो बोलायचा थांबायचा, आणि तो बोलायचा थांबला की त्याची बायको लुइका काचेची भांडी उचलून वरच्या फळीवर ठेवायची. छत्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळून चुकलं होतं. राग तो नेहमी घरी आणायचा. कामावर तो हसायचा, कारण हसणं हाच त्याच्या कामाचा निम्मा भाग होता.

काम असं, की कवाई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाहुण्यांसाठी लुआऊची मेजवानी असायची. चारशे माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात माळ, समुद्राकडे तोंड करून मांडलेली टेबलं, नाच, गाणी, आणि सूर्य बुडायच्या जरा आधी इमू उघडायचा सोहळा. इमू म्हणजे जमिनीतला खड्डा. पहाटे त्यात लाकडं पेटवून दगड लाल करायचे, त्यावर केळीचे ठेचलेले बुंधे आणि पानं पसरायची, मधे अख्खं डुक्कर ठेवायचं, त्याच्या पोटातही तापलेले दगड भरायचे आणि वरून ओली गोणपाटं आणि माती टाकून आठ तास विसरून जायचं. हे सगळं अनालू करायचा. एकतीस वर्षं करत होता.

त्याच्या आधी त्याचे वडील, पालानी, करायचे. हॉटेल नवीन उघडलं तेव्हा कंत्राटदारानं खाणीतून ट्रकभर दगड आणून टाकले होते. पहिल्याच जाळात ते फटाक्यासारखे फुटले, एक कपची उडून स्वयंपाकघराची काच गेली आणि आचारी टेबलाखाली लपला. तेव्हाच्या मॅनेजरनं पालानीला बोलावणं पाठवलं. पालानी खड्ड्यापाशी आले, फुटक्या दगडांकडे पाहून म्हणाले, "हे रस्ता करायला वापरा. दगड माझ्याकडे आहेत."

ते दगड पालानींच्या आजोबांनी जमवलेले. हानापेपे नदीच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून लांब, डोंगरउतारावर मिळणारे, सच्छिद्र आणि हलके. दोन दगड एकमेकांवर वाजवून, आवाज ऐकून, मग जाळात घालून, टिकला तर ठेवायचा, असं करत करत सदुसष्ट दगड जमले होते. घरातलं, शेजारपाजारचं प्रत्येक बाळ वर्षाचं झालं की त्याच्या लुआऊचं डुक्कर त्या दगडांवर शिजायचं. लग्नाचं, मयताचंही. पालानींनी ते ट्रकमध्ये घालून हॉटेलात नेले. मॅनेजरला एवढंच सांगितलं, "दगड आमचे. इथे फक्त ठेवतोय." मॅनेजरनं हात मिळवला. कागद कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही.

ब्याण्णवच्या वादळात हॉटेलचं छप्पर उडालं आणि खड्डा वाळूनं बुजला. बाप-लेकांनी हातानं वाळू उपसून सदुसष्टच्या सदुसष्ट दगड बाहेर काढले. बेटावर वीज नव्हती, घराघरांत फ्रीजरमधलं मांस वितळायला लागलं होतं. पालानींनी खड्डा पेटवला आणि लोकांना निरोप धाडला, जे असेल ते घेऊन या. पुढचा आठवडाभर अडकलेले पाहुणे, मोलकरणी, माळी, मॅनेजर, सगळे एकाच रांगेत त्या खड्ड्यातलं जेवले. अनालू हे कुणाला सांगत बसायचा नाही. पण दगडांवरची राख झाडताना त्याच्या हाताला ते माहीत असायचं.

म्हणून बाकीचं तो सोसायचा. लंगोट लावून, अंगाला तेल चोपडून, शंख फुंकत पाहुण्यांच्या मधून चालायचं. निवेदक ओरडायचा, "घाबरू नका, अंकल माणसं खात नाहीत! मंगळवारी तर मुळीच नाही!" आणि अनालूनं पोटावरून हात फिरवून डोळे मोठे करायचे. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याला ह्याचा संताप यायचा, पन्नाशीत यायचा, साठीतही यायचा. पण मग माती बाजूला व्हायची, गोणपाटं निघायची, आणि वाफेचा लोट उठला की चारशे माणसं आपोआप गप्प व्हायची. त्या वासापुढे कुणाला विनोद सुचत नसे. ते दहा-बारा सेकंद अनालूचे. डुक्कर खरं होतं, तेवढ्यावर त्याचा संताप मुकाट बसायचा.

तो त्रेसष्ट वर्षांचा असताना लुइकाच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. त्यासाठी तिला होनोलुलूला न्यावं लागलं, आणि तिथल्या तिच्या धाकट्या बहिणीकडचा मुक्काम धरून पंधरा दिवस गेले. परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी, उजाडायच्या आत, तो लाकडं घेऊन खड्ड्यापाशी गेला आणि उभाच राहिला.

खड्ड्याला आतून सिमेंट केलं होतं. तळाशी स्टीलचा चौथरा, बाजूनं दोन नळ्या. दगड एकही नाही.

हॉटेलात त्या वर्षी ट्रॅव्हिस हॉल्डन नावाचा नवा कार्यक्रमप्रमुख आला होता. फ्लोरिडाहून. तिथे तो डॉल्फिनचे खेळ लावायचा असं माळी सांगायचे. चाळिशीचा, सडपातळ, सतत हसरा. अनालूनं आठ वाजेपर्यंत त्याच्या दाराशी वाट पाहिली.

"अंकल! आलात?" ट्रॅव्हिस म्हणाला. "आंटींचे डोळे कसे आहेत?"

"माझे दगड कुठे आहेत?"

"बसा ना आधी. तुम्हाला सांगणारच होतो. समुद्राकडच्या खोल्यांमधून धुराच्या तक्रारी येत होत्या. विम्याचे लोकही मागे लागले होते. आता बघा, किती सोपं! डुक्कर स्वयंपाकघरातल्या मोठ्या भट्टीत भाजायचं, साडेचारला आणून खड्ड्यात ठेवायचं, वरून पानं. नळ्यांतून कोरड्या बर्फाचा धूर सोडायचा. पाहुण्यांना काही फरक कळत नाही. आणि तुम्हाला पहाटे उठायला नको!"

"मी पहाटे उठायची तक्रार केली होती?"

"नाही, पण ह्या वयात..."

"दगड," अनालू म्हणाला.

"ते वाया नाही घालवले हं. बागेच्या लोकांनी फार सुंदर वापरलेत. जाऊन तर बघा, अंकल."

अनालू दारातून वळला. "मला अंकल म्हणतोस," तो म्हणाला, "तू कुणाचा पुतण्या रे?"

दगड स्वागतकक्षासमोरच्या माशांच्या तळ्याभोवती होते. पाण्याच्या फवाऱ्यानं धुवून त्यांच्यावरची चार पिढ्यांची काजळी काढून टाकली होती, चमकण्यासाठी वर वॉर्निश फासलं होतं आणि खाली सिमेंटमध्ये पक्के बसवले होते. एका दगडावर एक बाई बाळाला बसवून फोटो काढत होती. अनालूला तो दगड ओळखू आला. मधोमध खोलगट, डुकराच्या पुढच्या पायाखाली नेहमी तोच जायचा. "जरा सरकता का?" ती बाई त्याला म्हणाली. "मागे दिसताय."

तो सरकला.

त्या दुपारी तो घरी आल्यावर लुइकानं भांडी वर ठेवली. नव्या डोळ्यांनी तिला त्याचा चेहरा आता जास्तच स्पष्ट दिसत होता. तासाभरानं, हॉटेलातल्या ओळखीच्यांना फोन करून सगळं कळल्यावर, तीच बोलली.

"तुझा राग दर वेळी माझ्याच स्वयंपाकघरात का येतो? त्या पोराच्या ऑफिसात का नाही जात?"

"गेला होता."

"गेला होता आणि दारातून परत आला. तुझ्या वडिलांचे दगड माशांच्या राखणीला बसवलेत आणि तू इथे माझ्या पातेल्यांकडे बघतोयस."

"दोन वर्षांनी पेन्शन आहे, लुइका."

"मला शिकवू नकोस. मला माहीत आहे कधी आहे."

संध्याकाळी केआका आला. केआका म्हणजे लुइकाच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, आणि त्या लुआऊचा निवेदक. पंचेचाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, बोलायला गोड, गळा त्याहून गोड. अनालूनंच त्याला तिथे चिकटवला होता.

"अंकल, मी तुमच्या बाजूनं बोललो हो," तो ओसरीवर बसत म्हणाला. "आईशपथ. पण ट्रॅव्हिसचं म्हणणं, दगड हॉटेलच्या जागेत होते, तेव्हा हॉटेलचे. कागद आहे का, विचारतो."

"तुझी आई वर्षाची झाली तेव्हा त्या दगडांवर डुक्कर शिजलं. तू वर्षाचा झालास तेव्हा शिजलं. तुझी पोरं झाली तेव्हा मी ते ट्रकमधून घरी आणले आणि परत नेऊन ठेवले. आणखी कसला कागद?"

"मला पटतं. पण थोडं थंड घ्या. दोनच वर्षं. तुम्ही नुसतं उभं राहा, मी सांभाळून घेतो."

अनालू नुसता उभा राहिला. तीन आठवडे, सहा लुआऊ. लंगोट तोच, शंख तोच. साडेचारला स्वयंपाकघरातली माणसं चाकाच्या गाडीवरून डुक्कर आणायची, तो पानं झाकायचा, कुणीतरी कळ दाबायचं आणि पांढरा थंड धूर त्याच्या घोट्यांभोवती पसरायचा. वास कशाचाच नाही. पाहुणे "ओ!" म्हणायचे आणि फोन वर करायचे. गप्प मात्र कुणी व्हायचं नाही. केआका सांगायचा, "आठ तास! आठ तास हे डुक्कर भूमीच्या पोटात होतं!" आणि अनालूनं आठ बोटं दाखवायची. दर वेळी बोटं वर करताना त्याच्या दंडातली शीर ताठ व्हायची.

सातव्या लुआऊला, एका मंगळवारी, एक म्हातारा पाहुणा लवकरच खड्ड्यापाशी येऊन उभा राहिला. पंचाहत्तरीचा असेल, जाड मनगटं, एका बोटाचं टोक गेलेलं, नवाकोरा फुलाफुलांचा शर्ट. नाव वॉल्टर. आयोवाहून आला होता, आणि पन्नास वर्षं त्यानं डुकरंच पाळली होती, हे त्यानं पहिल्याच मिनिटात सांगितलं.

"ह्यासाठीच आलो बघा," तो म्हणाला. "बायकोला समुद्र बघायचा होता, मला हा खड्डा. किती वेळ झाला पुरून?"

सांगायचं ते ठरलेलं होतं. "आठ तास," अनालू म्हणाला.

वॉल्टरनं नाक वर केलं, जरा थांबला, पुन्हा हुंगलं.

धूर सुटला, शंख फुंकला, पानं निघाली, स्वयंपाकघरातल्या दोघांनी डुक्कर उचलून लाकडी पाटावर ठेवलं. रांग करून लोक फोटो काढायला आले. वॉल्टरची पाळी आली तेव्हा त्यानं फोटो काढला नाही. वाकला, डुकराच्या बरगडीवर तळवा ठेवला, बोटानं कातडी दाबली. ती कडक होती, कुरकुरीत. मग त्यानं मान तिरकी करून पाठीखाली पाहिलं. तिथे भट्टीच्या जाळीचे पट्टे उठले होते, पट्टीनं आखल्यासारखे सरळ.

तो उठला आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "वाफेत शिजलेल्या डुकराची कातडी अशी नसते. आणि दगड असे पट्टे काढत नाहीत." अनालूच्या तोंडाकडे पाहून त्यानं त्याच्या दंडावर हात ठेवला. "असू द्या हो. तुमचा काय दोष? आमच्याकडे जत्रेतही असंच चालतं. पोटासाठी करावं लागतं माणसाला."

त्यानं खोटारडा म्हटलं असतं तर अनालूनं गिळलं असतं. पण त्याला कीव आली होती. डुक्कर म्हणजे काय हे कळणारा एक माणूस एवढ्या वर्षांत समोर आला, आणि त्याला अनालूची कीव आली.

अनालू मंचावर चढला आणि केआकाच्या हातातून माइक घेतला. केआकानं गंमत समजून सोडला.

"हे डुक्कर जमिनीत नव्हतं," अनालू म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, एकतीस वर्षांत तो माइकवर कधी बोलला नव्हता. "विजेच्या भट्टीत भाजलंय. साडेचारला गाडीवरून आणलं. हा धूर नाही, बर्फ आहे. मी आठ बोटं दाखवली ती खोटी. माझ्या आजोबांच्या वडिलांनी जमवलेले दगड तिकडे पुढे माशांच्या तळ्याला लावलेत, वॉर्निश मारून. तुम्ही येताना त्यावर बसलात. ते माझे आहेत. कुणी मला विचारलं नाही. मी लंगोट लावून तुमच्यासमोर पोट चोळलं, कारण खाली खरं काहीतरी होतं. आता खाली काही नाही!"

क्षणभर शांतता. लाटेचा आवाज आला. अनालूला वाटलं, ऐकलं लोकांनी.

तेवढ्यात केआकानं दुसरा माइक उचलला. "आमचे अंकल अनालू!" तो ओरडला. "काय अभिनय! सांगा बरं, घाबरलात की नाही? टाळ्या!"

आणि चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. हसत, शिट्ट्या मारत. एक पोरगी उभी राहून त्याचं चित्रण करत होती. फक्त वॉल्टरचे हात मांडीवर होते, आणि त्याची बायको त्याला कोपरानं ढोसून विचारत होती की झालं काय.

अनालूनं माइक खाली ठेवला. केआकाकडे पाहिलं. केआकानं नजर चुकवली आणि नाचणाऱ्या मुलींना पुढे यायची खूण केली.

लंगोटातच तो टेबलांमधून बाहेर पडला. गाड्या लावायच्या जागी त्याचा ट्रक होता, ट्रकमध्ये पहार. ती खांद्यावर टाकून तो स्वागतकक्षासमोर आला, तळ्याच्या कडेला गुडघा टेकला आणि पहिल्या दगडाखाली पहारीचं टोक घातलं. सिमेंट ताजंच होतं. तिसऱ्या घावाला दगड सुटला. दुसरा चौथ्याला. मासे तळाशी जाऊन बसले. स्वागतकक्षातली मुलगी बाहेर धावत आली, त्याला पाहिलं आणि परत आत गेली.

पहारेकरी डोमी आला तेव्हा अकरा दगड निघाले होते. डोमी अनालूच्याच हानापेपे गावचा, फिलिपिनो, शेजारच्या गल्लीत राहणारा. आल्या आल्या त्यानं कमरेवर हात ठेवले.

"अंकल, काय चाललंय हे? मला तुम्हाला थांबवावं लागेल."

"थांबव."

डोमीनं इकडेतिकडे पाहिलं. फोन वर केलेले पाच-सहा पाहुणे होते. "मला वर कळवावं लागतं. नियम आहे."

"कळव."

"कळवतो. फोन गाडीत राहिलाय. तो आणून कळवायला वेळ लागतो थोडा." जाता जाता तो थांबला. "ते कोपऱ्यातले चार मी लावायला मदत केलेली. तिथे सिमेंट जास्त पडलंय. पहार खालून घाला, बाजूनं नको."

अनालूनं खालून घातली. तरी बरेच फुटले. एकेका फुटण्याचा आवाज त्याच्या दातांत जायचा आणि तो आणखी जोरानं मारायचा, नाचाच्या ढोलांच्या तालाबाहेर, अंगावरचं तेल, घाम आणि सिमेंटची पूड एक झालेली. चव्वेचाळीस अख्खे निघाले, बाकीचे फुटले नाहीतर सिमेंटमध्येच रुतून राहिले. ट्रक भरत असताना ट्रॅव्हिस आला, मागे दोन पोलीस. ट्रॅव्हिस आता हसत नव्हता.

"ही हॉटेलची मालमत्ता आहे, अनालू. तुम्ही नासधूस केलीत."

"आता अंकल नाही म्हणत?" अनालू म्हणाला.

पोलिसांतला थोरला बेटावरचाच होता. त्यानं दगडांकडे पाहिलं, अनालूच्या लंगोटाकडे पाहिलं आणि ट्रकमधली चादर काढून त्याच्या खांद्यावर टाकली. "चला अंकल," तो म्हणाला. "आधी कपडे घाला. मग काय ते लिहून घेऊ."

लिहून घेतलं. पुढे दोन महिने कामगार संघटना आणि हॉटेल यांची खलबतं चालली. त्या चित्रणाची बेटावर फार चर्चा झाली होती आणि हॉटेलला ती वाढवायची नव्हती. शेवटी असं ठरलं की अनालूनं नोकरी सोडली, म्हणजे निवृत्त झाला असं धरायचं, पेन्शन मिळेल, तक्रार मागे घेतली जाईल, आणि ट्रकमधून नेलेल्या दगडांबद्दल कुणी काही बोलणार नाही. तळ्याला राहिलेल्या दगडांबद्दलही कुणी काही बोलणार नाही. अनालूनं सही केली ती इतकी दाबून की कागद खालपर्यंत फाटला. तो दुसऱ्यांदा छापावा लागला.

घरी परसात त्यानं दगड जाळात घातले. वॉर्निश जळताना असा काळा, उग्र धूर निघाला की शेजारच्या बाईनं वाळत घातलेले कपडे आत नेले. तीनदा जाळल्यावर तो वास गेला. तेवढ्यात सात दगड तडकले, चिकटलेल्या सिमेंटनं. उरले सदतीस. एका डुकराला ते पुरत नाहीत.

"डोंगरावरून आणखी आणू," लुइका म्हणाली.

"आणू. पण गेलेले तीस कुणी खाल्ले ते मी विसरणार नाही."

"विसर म्हणतंय कोण?"

केआका ह्या सगळ्यात एकदाही आला नाही. फोन दोनदा आला, दोन्ही वेळा लुइकानं उचलला, "तो झोपलाय" म्हणाली, आणि अनालू समोर बसलेला.

मग तीन-चार महिन्यांनी हॉटेलच्या मुख्य कार्यालयातून एक जाड पाकीट आलं. आत छापील पत्र. दीर्घ सेवेनंतर निवृत्त झाल्याबद्दल अभिनंदन, कृतज्ञतेची छोटी भेट म्हणून दोघांसाठी आमच्या पारंपरिक लुआऊची निमंत्रणं, पुढच्या रांगेत, जेवणासह. कुठल्यातरी यंत्रानं निवृत्तांच्या यादीतली नावं घेऊन धाडलेलं होतं. नाव बरोबर होतं, बाकी कशाचा त्याला पत्ता नव्हता.

अनालूनं पत्र चुरगळलं. लुइकानं ते त्याच्या हातातून घेऊन टेबलावर सरळ केलं.

"मी जाणार," ती म्हणाली.

"कुठे?"

"लुआऊला. एकतीस वर्षांत मी ह्या हॉटेलात मागच्या दारानं तुझा डबा घेऊन गेलेय फक्त. आता पुढच्या दारानं जाणार. माळ घालून घेणार. तुला यायचं तर ये, नाहीतर दुसऱ्या खुर्चीवर पर्स ठेवीन."

मंगळवारी अनालू इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यामागून चालला. दारातली मुलगी त्याच्या हाताखाली दोन वर्षं काम केलेली. तिला माळ घालावी की रडावं ते कळेना. "अलोहा, अंकल," ती कसंबसं म्हणाली. लुइकानं मान पुढे केली. "माझ्या गळ्यात घाल. त्याला राहू दे, तो कामाला होता इथे." तळ्याजवळून जाताना तिनं पाहिलं, पण पाय थांबवले नाहीत. रिकाम्या जागी कुंड्या ठेवल्या होत्या.

टेबल मंचापासून दहा पावलांवर. शेजारी टेक्सासचं एक कुटुंब, हसरं, मोकळं. त्यांतल्या बापानं विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

"हानापेपे," लुइका म्हणाली.

"लांब आहे का?"

"वीस मिनिटं."

केआका मंचावर आला, हात पसरून पहिलं वाक्य म्हणायला लागला आणि त्याला ती दोघं दिसली. वाक्य मधेच तुटलं. तो पाणी प्यायला. माणसं खाण्याचा विनोद त्यानं त्या दिवशी केला नाही. नवा माणूस लंगोट लावून आला, कुठल्याशा दुसऱ्या बेटावरचा, तरुण आणि देखणा. त्याच्या पायाभोवती थंड धूर पसरला. अनालू खुर्चीत पुढे सरकला. त्याला स्वतःलाच लाज वाटली, पण त्याच्या मनात एक आशा होती. आज समोर आम्ही आहोत. आज केआका नुसतं "जेवण तयार आहे" म्हणेल. एवढं म्हटलं तरी चालेल.

केआकानं माइक तोंडाशी नेला. जमिनीकडे पाहत, गोड, भरदार आवाजात तो म्हणाला, "आठ तास... हे डुक्कर भूमीच्या पोटात होतं."

नव्या माणसानं आठ बोटं दाखवली. टाळ्या झाल्या. टेक्सासचा माणूस डोळे पुसत होता, इतकं त्याला भावलं होतं. लुइकानं ताटात वाढून घेतलं, एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. तिची मान लाल झाली होती.

निघताना केआकानं त्यांना ट्रकपाशी गाठलं. अजून रंगीत वस्त्र नेसलेला, धापा टाकत.

"अंकल, थांबा ना. आंटी. मी काय म्हणायला हवं होतं? सांगा तुम्ही. लिहून दिलेलं वाचतो मी. माझी दोन पोरं आहेत."

अनालूनं किल्ली दाराला लावली, पण फिरवली नाही.

"पोरं मीही वाढवलीत," तो म्हणाला. "आणि उभा मीही राहिलो होतो, सहा वेळा. तेव्हा तुला बोलायला मला तोंड नाही."

"मग असे का बघताय?"

"त्या दिवशी मी खरं बोललो आणि तू ते टाळ्यांत घातलंस. एक वाक्य तुला गिळता आलं नसतं? नुसतं गप्प बसला असतास तरी त्यांनी ऐकलं असतं. सगळे गप्प झाले होते, केआका. मी ऐकलं होतं ते."

केआकानं ट्रकच्या टपावर हात टेकला.

"घरी येत जा," अनालू म्हणाला. "तुझी आई येते, तुझी पोरं येतात, तूही ये. जेवायला वाढीन. पण माझ्याशी बोलायला येऊ नकोस. मला अजून फार राग आहे, आणि तो जाईल असं मला वाटत नाही."

लुइका आत बसून दार ओढून घेत होती. माळ तिनं काढून आरशाला अडकवली होती. "चल," ती म्हणाली. "मला भूक लागलीय. घरी कालचं मासळीचं कालवण आहे."

अनालूनं ट्रक सुरू केला.